एका सदऱ्याच्या मापाची बोट

शिरूरपासून समुद्र कुठल्याच बाजूनं जवळ नाही. आमचं पाणी म्हणजे घोडनदी, आणि तीही उन्हाळ्यात इतकी आटायची की पलीकडं जायला चपला काढायचीही गरज पडत नसे. अशा गावानं पासष्टच्या लढाईत आरमाराची एक अख्खी बोट दत्तक घेतली होती, असं मी सांगायला लागले की आमच्या घरातली पोरं एकमेकांना खुणावतात, आजीची गाडी रुळावरून घसरली म्हणून. खुणावू देत. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, मुलींच्या शाळेत शिवण-विणकाम शिकवत होते, आणि त्या बोटीसाठी गावात विणलेला एकूण एक स्वेटर माझ्या हाताखालून गेला होता. मला नाही तर कुणाला ठाऊक असणार?

पण बोटीच्या आधी मामींबद्दल सांगायला हवं. मामी नसत्या तर बोटही नसती.

आमचं घर मिशनच्या आवाराला लागून होतं. आवाराची भिंत संपते तिथं मामींचं बांगड्यांचं दुकान. दुकान म्हणजे रस्त्यापासून कमरेइतका उंच ओटा, चढायला दोन दगडी पायऱ्या, वर चटई, आणि मागं दोऱ्यात ओवून टांगलेले काचेचे बिल्वर. मामींचे यजमान लवकर गेले. त्यानंतर दुकान त्यांनीच चालवलं. गावातल्या बायकांना सगळ्या जाती-धर्मांच्या त्या मामीच. त्यांची बांगडी भरायची रीत अशी की गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघायचंच नाही. पुढं आलेला हात धरायचा, बोटांच्या पेरांवर दाबून माप घ्यायचं, आणि तोंडानं दुसऱ्याच बाईशी बोलणं चालू ठेवायचं. प्रत्येकीला एकच सूचना, "अंगठा आत घे, हात ढिला सोड." बायका ऐन वेळी हात ताठ करायच्या, बांगडी तडकायची, आणि मामी त्या बाईच्या सासरचा उद्धार करायच्या.

बासष्टच्या लढाईत ज्यांच्या हातात सोन्याच्या बांगड्या होत्या त्यांनी त्या संरक्षण निधीला दिल्या. देताना सगळ्या शूर होत्या. दुसऱ्या दिवशी पंचाईत झाली, कारण सवाष्णीनं मोकळ्या हातानं घरात वावरायचं कसं? मामींनी निरोप धाडला, की जिनं सोनं दिलंय तिनं यावं आणि हात भरून घ्यावेत, पैशाचं नाव काढू नये. त्या दिवशी दुकानासमोर रांग लागली होती. गावातल्या भल्याभल्या घरच्या बायका त्या चटईवर मांडी घालून बसल्या आणि हात भरून घेऊन गेल्या.

मामींना एकच मुलगा. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, आणि अंगानं असा काडीपैलवान की वारा सुटला तर ह्याच्या खिशात दगड भरा, असं आम्ही चिडवायचो. लहानपणी त्याला कुठं ठेवायचं म्हणून मामी दुकानातच समोर बसवायच्या, आणि गिऱ्हाईक नसलं की त्याच्याच हातात बांगड्या घालून-काढून बघायच्या. त्यामुळं हात पुढं केला की अंगठा आपणहून तळव्यात मुडपायची त्याला खोडच लागली. शाळेत मास्तरांच्या छडीपुढं हात करायचा तेव्हाही अंगठा आत. मास्तर हसायचे आणि छडी हळू बसायची, असा त्याचा फायदा.

मामींच्या बांगड्या उत्तरेकडून रेल्वेनं दौंडला यायच्या. लाकडी पेट्या, आत गवताचा भुसा. मामी त्याला घेऊन एस.टी.नं दौंडला जायच्या आणि पार्सल ऑफिसातून पेट्या सोडवून आणायच्या. तिथंच एकदा फलाटावर त्यानं पांढऱ्या गणवेशातला एक खलाशी बशीनं चहा पिताना बघितला. झालं. पोरगं परत आलं ते डोक्यात समुद्र घेऊनच. सोळा सरली नाहीत तोवर पुण्याला जाऊन भरतीत नाव घालून आला. मामींनी रडून बघितलं, उपाशी राहून बघितलं. तो ट्रंक घेऊन निघाला तेव्हा त्या ओट्यावर उभ्या राहिल्या आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, की गेलास तर परत ह्या दुकानाची पायरी चढू नकोस. मी आमच्या दारात उभी होते. तो थांबला, आईकडं नीट बघितलं, मान हलवली आणि गेला. मला तेव्हाच वाटलं होतं की ह्यानं हे ऐकायला नको होतं, कारण दोघंही एका हट्टाचे.

आणि तसंच झालं. पोस्टकार्डं यायची, "खुशाल आहे, काळजी नसावी." मामींना लिहिता येत नसे, उत्तर मीच लिहायची. लोकांसमोर त्या मला बाई म्हणायच्या, घरात पोरी.

"रजा मिळतच असेल मामी त्याला. ये म्हणून लिहू का?"

"न्हाई. खुशाल हाय म्हनून लिही पोरी."

दर वेळी हेच. एकदा मी चिडून दौत आपटली. म्हटलं, तुम्ही बोललात ते तुम्हीच मागं घेतलं पाहिजे, तो कसा येईल? मामींनी सांडलेली शाई पदरानं पुसली आणि पत्ता लिहायला सांगितला. त्या पोराला बोलवायचं त्यांच्या मनात किती होतं हे मला दिसत होतं. जीभ उचलत नव्हती, एवढंच.

अशी पाच-सहा वर्षं गेली आणि पासष्टची लढाई आली. खिडक्यांच्या काचांना आम्ही काळे कागद चिकटवले. आमच्याकडं रेडिओ होता. बातम्यांच्या वेळी मामी आमच्या ओसरीवर येऊन बसायच्या. काही विचारायच्या नाहीत. बातमीत समुद्राचं किंवा बंदराचं नाव आलं की नुसत्या उठून उभ्या राहायच्या, आणि बातमी संपली की परत खाली बसायच्या. ते मला बघवत नसे.

इकडं दौंडनं आमचं नाक कापलं होतं. दौंड जंक्शन. जवानांच्या गाड्या तिथून जायच्या, आणि दौंडचे लोक प्रत्येक गाडीला पुरी-भाजी, चहा, हार घेऊन हजर. पेपरात फोटो. शिरूरला रेल्वेच नाही. देशसेवेची इच्छा असून करायची कुणाची? तालमीचे वस्ताद होते, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. ते शाळेच्या मैदानावरच्या सभेत वैतागून म्हणाले, "त्यांच्याकडं जवान येत्यात. आपल्याकडं काय येतंय? नगरची एस.टी." तेव्हा कुणीतरी काढलं, की कुठल्याशा शहरानं म्हणे बोट दत्तक घेतलीय, आणि आपला तर एक पोरगा बोटीवरच हाय. मग काय, मामींच्या मुलाची बोट दत्तक घ्यायची असं टाळ्यांच्या कडकडाटात ठरलं.

एक जण मात्र कुजबुजला. पेठेतला एक दुकानदार होता, तो शेजाऱ्याला म्हणाला, त्यांचा पोरगा त्या लोकांवर गोळी चालवंल का, कुणी बघितलंय? तो हळू बोलला, पण मी मागंच बसले होते, आणि माझं डोकं असं फिरलं की मी उभीच राहिले. मी तोंड उघडायच्या आधीच ते बोलणं स्टेजपर्यंत पोचलं होतं, आणि आप्पांनी तिथूनच विचारलं, "तुज्या बायकूच्या हातात बांगड्या कुनी भरल्या रं?" तो दुकानदार त्यानंतर लोकर आणायला सगळ्यांच्या पुढं होता.

दत्तक घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं यावर दोन संध्याकाळी वाद चालला. एका म्हाताऱ्या आबांचं म्हणणं पडलं, की आधी बोटीच्या आईबापाची संमती पाहिजे. ती सरकारची, ती मामलेदारांमार्फत मागवू असं ठरलं. मांडीवर घ्यायचं कसं हा प्रश्न हसण्यावारी गेला. पण एक गोष्ट सगळ्यांना पटली. दत्तक आलेल्या लेकराला आधी नवे कपडे करतात. अंगावर आपल्या घरचं कापड चढल्याशिवाय लेकरू आपलं होत नाही. तेव्हा बोटीवरच्या लेकरांना कपडे. कुठले? तर स्वेटर. कारण बासष्टला हिमालयातल्या जवानांसाठी सगळ्या गावानं स्वेटर विणले होते. सुया घरोघरी होत्या, टाके हातात होते, हिरवट खाकी लोकरीची पोती कचेरीच्या माडीवर पडून होती. समुद्रावर थंडी असते का, असं एकानंही विचारलं नाही. युद्ध म्हटलं की स्वेटर, असं आमच्या मनात पक्कं बसलं होतं.

कमी पडलेल्या लोकरीसाठी आप्पांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं. मांडवगण फराट्याहून गुळाच्या ढेपा आल्या, पाबळकडून शेंगदाण्याची पोती. चर्चमध्ये रविवारी उपदेश चालू असताना मागच्या बाकांवर सुया चालायच्या, आणि पाळकसाहेब न बघितल्यासारखं करायचे. गणिताच्या तासाला मुलींच्या मांडीवरून लोकरीचे गुंडे घरंगळत फळ्यापर्यंत जायचे.

पण माप? बासष्टला सरकारनंच मापं छापून पाठवली होती. ह्या वेळी विचारायचं कुणाला? बोट होती समुद्रात, लढाईत. मी हातावर हात धरून बसले होते तेव्हा मामी शाळेत आल्या. फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं. मुलींसमोर म्हणून त्या मला बाई म्हणाल्या.

"हे घ्या बाई माप. बोटीवरची पोरं. ह्याच्यायेवढीच असतील सगळी."

आत त्याचा शाळेचा पांढरा सदरा होता. दोन गुंड्या वेगळ्या, खिशाशी शाईचा डाग. मी तो टेबलावर पसरला, छाती मोजली, बाही मोजली, आणि आकडे फळ्यावर लिहिले. मुलींनी उतरवून घेतले, मुलींकडून आयांनी, आयांकडून शेजारणींनी. सगळं गाव त्या सदऱ्याच्या मापानं विणायला बसलं. आज याचं हसू येतं, पण तेव्हा एकाच्याही मनात शंका आली नाही, कारण खलाशी म्हणून आम्ही दुसरा कुणी ओळखतच नव्हतो. आमच्या लेखी बोटीवर तेवढाच एक पोरगा होता, आणि तो ट्रंक घेऊन आळीतून गेला तेवढाच राहिला होता.

स्वेटर पाठवायला पेट्या मामींनीच दिल्या, बांगड्यांच्या रिकाम्या. वर "काच, सांभाळून" असं रंगवलेलं तसंच. गूळ-शेंगदाणे वेगळे बांधले, ट्रक न्हावऱ्यावरून दौंडला निघाला, आणि मामी, मी, आप्पा असे सोबत गेलो. पार्सल ऑफिसात कारकून म्हणाला, काच असेल तर दर वेगळा. मग एक पेटी उघडून दाखवावी लागली. बाकावर एक निवृत्त गार्ड बसले होते, दौंडचेच. त्यांनी एक स्वेटर उचलला, हातात धरून बघितला आणि विचारलं, "ही शाळकरी पोरांची बोट हाय का?" वर सांगायला लागले, की मुंबईच्या समुद्रावर घाम पुसायला टॉवेल लागतो आणि इंजिनाच्या खोलीत पोरं उघडी राबत्यात. मी म्हटलं, तुम्ही आपल्या गाड्या वेळेवर सोडा. ते म्हणाले, मी रिटायर झालोय. आप्पा म्हणाले, दौंडकरांचं हे असंच, दुसऱ्याचं चांगलं बघवत न्हाई. पेट्या चढल्या.

परत येताना मामी ट्रकमध्ये माझ्या शेजारी बसल्या होत्या. न्हावरं मागं पडल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "लई घट व्हईल का गं?"

"लोकर ताणते मामी," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. मला वाटतं त्या क्षणी पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं की मधली वर्षं गेली. माझ्याही आलं.

लढाई थांबली. काळे कागद निघाले. थंडी पडली, आमच्या दारावर नाताळची चांदणी लागली, आणि मामलेदारांकडं निरोप आला, की बोट मुंबईच्या बंदरात आहे आणि तिच्यावरची काही मंडळी दत्तक घेणाऱ्या गावाला भेटायला येत आहेत. कोण येणार, नावं नव्हती. मी धावत मामींकडं गेले. त्यांनी ऐकलं आणि बांगड्यांचा तोडा दोऱ्यात ओवत राहिल्या. म्हणाल्या, मैदानावर मी येनार न्हाई, मला गिऱ्हाईक हाय. ते खरंच होतं. पाहुणे येणार म्हणून गावातल्या यच्चयावत बायकांना त्याच दिवशी नव्या बांगड्या हव्या होत्या.

पाहुणे सकाळी यायचे ते दुपारी आले, कारण दौंडकरांनी स्टेशनवरच धरून जेवायला घातलं. आप्पा संतापानं लाल झाले होते. पण ट्रकचं फळकूट खाली पडलं, खलाशी उतरायला लागले, आणि सगळं मैदान पुढं झुकलं. त्यांनी आमचे स्वेटर घातले होते. दांडगे, उंच, मिशीवाले बाप्ये, कुणी कोकणातले, कुणी पंजाबातले, कुणी पार केरळातले, आणि अंगात सोळा वर्षांच्या पोराचा हिरवट खाकी स्वेटर. बाह्या कोपरापाशी संपलेल्या, खालचा काठ बेंबीच्या वर, छातीवर टाके ताणून जाळी झालेली. आधी माझ्या विद्यार्थिनी हसल्या, मग सगळं मैदान हसलं, मग खलाशीही हसायला लागले. त्यांचा साहेब हिंदीत म्हणाला, की घरच्यांनी कपडे पाठवले, ते न घालता घरी कसं यायचं? आप्पांनी डोळ्यांना फेट्याचा शेव लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं आणि त्याच वेळी त्या सगळ्यांची इतकी माया आली की काय सांगू.

पण माझं लक्ष दुसरीकडं होतं. मी एकेक चेहरा बघत गेले. तो काडीपैलवान कुठंच नव्हता. पुन्हा एकदा बघितलं. नव्हता. ह्याला आईनं एक शब्द टाकला तो ह्यानं एवढा धरून ठेवावा? सगळी बोट आली आणि हा नाही? रागानं माझे कान तापले. भाषणं सोडून मी निघाले, मामींना हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून.

दुकानासमोर आले तर ओट्यावर बायकांची ही गर्दी, आणि खाली रस्त्यात, पायऱ्यांपासून चांगला हातभर लांब, एक रुंद पाठीचा माणूस उभा होता. अंगात आमचा स्वेटर, पाठीवर शिवणीशी उसवलेला. मी त्याच्या मागं थांबले. मामी मान खाली घालून कुणाला तरी भरत होत्या आणि तिसरीशीच बोलत होत्या. ती बाई उठली. तेवढ्यात ह्या माणसानं खालूनच, पायरीला पाय न लावता, ओट्याच्या कडेवरून आपला हात आत सरकवला. उन्हानं रापलेला, कोपरापर्यंत उघडा हात. बायका दचकून बाजूला झाल्या. मामींनी सवयीनं, न बघता, पुढं आलेला हात धरला आणि पेरांवर दाबला.

"अंगठा आत..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

अंगठा आतच होता.

मामींनी मान वर केली नाही. तो हात त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि तशाच बसून राहिल्या. तो खाली रस्त्यातच उभा होता. पायरीकडं एकदा बघितलं त्यानं, आणि पुन्हा आईकडं.

दुकानात मामी कायम मराठीच बोलायच्या. त्या दिवशी मात्र सगळ्या गिऱ्हाइकांसमोर घरातली दखनी तोंडात आली.

"उप्पर आ," त्या म्हणाल्या.

तो पायरी चढला.

संध्याकाळी मामींनी मला टेप घेऊन बोलावलं. तो स्वेटर त्याच्या अंगातून काढायला आम्हा दोघींना ओढावं लागलं, आणि तो हसत होता. मग मामींनी काठाचा धागा सोडला आणि स्वेटर उसवायला घेतला. लोकर सरळ व्हावी म्हणून त्याला समोर बसवून, दोन्ही हात पुढं करायला लावून, त्याच्या मनगटांवर त्या लड गुंडाळत गेल्या. ह्या वेळी नीट मापानं कर, असं त्यांनी मला बजावलं. मी त्याच्या छातीला टेप लावला, पण डोळे भरून आले होते, आकडा दिसेना. शेवटी त्यानंच मान वाकवून वाचला आणि मोठ्यानं सांगितला.

मामींचा गुंडाळता हात थांबला. त्यांनी त्याला नाही, मलाच विचारलं, "येवढा कवा झाला गं ह्यो?"